लाभ, दोन

एप्रिलच्या तिसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वादोनच्या सुमारास, लासलगावात एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोण्या मोजता मोजता संघर्ष गांगुर्डे खाली कोसळला. पारा बेचाळीसवर होता, खळ्याच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. बाहेर कांदा वाहणाऱ्या फारुखची पिकअप रिकामी उभी होती. त्याने ओली बारदानं अंथरून संघर्षला मागे निजवलं, बर्फाची लादी फोडून बगलांत लावली आणि गाडी थेट नाशिकरोडला आणली. तिथल्या एका खासगी इस्पितळात संघर्षची थोरली बहीण स्नेहा अतिदक्षता विभागात नर्स होती, हे त्याला ठाऊक होतं.

स्ट्रेचरवर कोण आहे ते स्नेहाने शर्टावरून ओळखलं. कपाळाला हात लावला आणि लगेच उचलला. थर्मामीटरने एकशे सात दाखवले. अंगाला घामाचा थेंब नव्हता, ओठाच्या कोपऱ्याला कांद्याचा पापुद्रा चिकटला होता, आणि तो सारखं पुटपुटत होता, "लाभ... दोन... लाभ... दोन..." तीनवर जात नव्हता.

डॉक्टर तेजल मॅडमनी विचारलं, काय म्हणतोय हा?

मोजतोय, असं स्नेहाने सांगितलं. बाजारातले जुने मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पुढे दोन, तीन, चार. संघर्ष असल्या शकुनांना हसायचा, पण ज्या जयराम मापाऱ्याच्या हाताखाली तो शिकला त्याची सवय जिभेला लागली ती लागलीच. एकलहरे रोडवरच्या त्यांच्या घरी आई, विठाबाई, भाकऱ्या किती टाकू विचारायची, तेव्हा तो स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणायचा लाभ, मग आईकडे बोट करून दोन, ताईकडे बोट करून तीन. "आधी स्वतःचं पोट," असं विठाबाई म्हणायची. वर्षानुवर्षं हाच संवाद, आणि रोज त्यावर कुणीतरी हसायचं.

त्याला मशीनवर घेतलं. इस्पितळात ते एकच होतं. नर्सेस त्याला पाणगादी म्हणायच्या. पलंगावर प्लास्टिकची पातळ गादी, तिच्या आत नळ्यांचं जाळं, नळ्यांतून पाणी. पेशंटच्या छातीला एक प्रोब, म्हणजे ताप मोजणारी वायर, चिकटवायची. अंग तापलेलं असेल तर मशीन पाणी गार करतं, अंग थंड पडलं असेल तर गरम. मधे कुणी हात घालायचा नाही. सांभाळायची ती एकच गोष्ट. प्रोब छातीवरून निसटला आणि गार गादीवर पडला, तर मशीनला वाटतं पेशंट गारठला, आणि ते तापलेल्या माणसाला आणखी तापवू लागतं. नव्या नर्सला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. स्नेहाने स्वतः कितीजणींना शिकवलं होतं.

बुधवारी सकाळी ती ड्यूटीवर आली तेव्हा प्रोब निसटलेलाच होता.

रात्रीतून संघर्ष कूस बदलत पलंगाच्या पार कडेला गेला होता, कठड्याला चिकटून, कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा. प्रोब त्याच्यामागे रिकाम्या अर्ध्या गादीवर पडला होता.  स्नेहाने आधी भावाच्या बगलेत थर्मामीटर धरलं. साडेअठ्ठ्याण्णव. मग मशीनच्या पडद्याकडे पाहिलं. गार गादीवर पडलेल्या प्रोबने साठ-पासष्ट दाखवायला हवे होते.

पडद्यावर एकशे सहा होते. आणि मशीन पाणी गार करत होतं.

तिने प्रोब उचलून मुठीत धरला. आकडा भराभर उतरून अठ्ठ्याण्णववर थांबला. पुन्हा गादीवर ठेवला, आकडा चढला, एकशे सहा. कपाटातून नवा प्रोब काढला, तोच प्रकार. मग तिचं लक्ष चादरीकडे गेलं. गार गादीवरची चादर नेहमी दमट होते, तशी ती झाली होती. फक्त रिकाम्या बाजूला एक पट्टा कोरडा होता. खांद्याशी रुंद, खाली निमुळता. तिने तळहात त्यावर थोडं अंतर ठेवून धरला, टेकवला नाही. झळ लागली.

तेजल मॅडमनी प्रोब हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मशीन बिघडलंय, कंपनीचा माणूस बोलवा, असं सांगितलं. पेशंट सुधारलाय हे महत्त्वाचं, त्याला शेजारच्या पलंगावर घ्या. यात चुकीचं काहीच नव्हतं. स्नेहाने भावाला शेजारी हलवलं. मशीन मात्र चालूच ठेवलं. कंपनीच्या माणसाला चालू स्थितीत दाखवायचंय, असं कारण दिलं. खरं कारण तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

दुपारी संघर्षने डोळे उघडले. तिच्याकडे बघून म्हणाला, "सिस्टर, पाणी."

बाकीच्या नर्सेस हसल्या. एकजण म्हणाली, घ्या स्नेहाताई, आता घरातसुद्धा ड्यूटी. स्नेहाही हसली आणि तिने पाणी दिलं. तो ग्लासभर एका दमात प्यायला.

त्याच दिवशी फारुख त्याचा डबा आणि चपला घेऊन आला. आत सोडत नव्हते म्हणून स्नेहा बाहेर जिन्याशी आली. संघर्ष ठीक आहे ऐकून त्याने वर बघून हात जोडले, मग विचारलं, "आणि दुसरा कसा हाय, ताई?"

"दुसरा कोण?"

"मी दोघांना आणलं ना."

स्नेहाने त्याला नीट सांग म्हटलं. त्याचं म्हणणं असं, की संघर्ष पडला तिथं गोण्यांच्या थप्पीआड आणखी एकजण पडलेला होता. तोंडावर ओला टॉवेल होता. हमाल असेल असं त्याला वाटलं. संघर्षच सांगत होता, दोघं, दोघं. मग दोघांनाही उचललं. इथं आल्यावर घाई होती, स्ट्रेचर एकच आला, म्हणून दोघांना एकावरच ठेवलं आणि तो गाडी लावायला गेला.

"तू स्वतः उचललंस त्याला, फारुखभाई?"

"मीच. हे बघा." त्याने दोन्ही तळवे पुढे केले. कातडी लाल होऊन सोलली होती. "लय तापलेला होता. पण खरं सांगू, वजन काहीच नव्हतं त्याला. कांद्याची गोणी जड लागते."

तिने दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारलं. त्याने स्ट्रेचरवर एकच माणूस पाहिला होता. तिने खळ्यावर फोन लावला. कुणीही हमाल बेपत्ता नव्हता.

परत आत आली तेव्हा संघर्ष उशीला टेकून बसला होता. तिने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, काल तुझ्याबरोबर आणखी कोण होतं?

त्याने शेजारच्या रिकाम्या पाणगादीकडे बोट केलं. "लाभ," म्हणाला. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. "दोन."

उष्माघाताने डोकं काही दिवस भरकटतं, हे तिला माहीत होतं. तिने चादर नीट केली आणि औषधं द्यायला पुढे गेली.

गुरुवारभर रिकाम्या गादीचा आकडा उतरत राहिला. एकशे पाच. एकशे चार. येताजाता तिची नजर पडद्यावर जायची. ताप असा उतरतो तेव्हा नर्सला बरं वाटतं. तिला तसं बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच भीती वाटत होती. शुक्रवारी सकाळी एकशे एक. कोरडा पट्टा कडेने ओला व्हायला लागला होता.

अकरा वाजता देवळाली कॅम्पातून नवसाबाई आल्या. बाजारात भाजी विकताना चक्कर येऊन पडलेल्या, वय सत्तरच्या पुढे, ताप एकशे सहा. तेजल मॅडम म्हणाल्या, बिघडलेलं असो नसो, गादी गार होतेय ना? मग द्या इकडे.

संघर्षला त्या दिवशी घरी सोडायचं होतं. तो कपडे घालून, भांग पाडून स्टुलावर बसला होता. पाणगादीच्या बटणावर हात ठेवून स्नेहा थांबली, ते त्याने पाहिलं.

"करा ना बंद, सिस्टर," तो म्हणाला. "कुणासाठी चालू ठेवलंय?"

मागे म्हातारी कण्हत होती. तिला एक एक मिनिट जड जात होतं. स्नेहाने बटण दाबलं.

पाण्याची घरघर थांबली. पडदा अजून जिवंत होता. एकशे एक. एकशे दोन. एकशे चार. तिने हात पुन्हा बटणाकडे नेला, तेवढ्यात वॉर्डबॉय मामांनी भिंतीतला प्लग उपसला आणि म्हातारीकडे न्यायला गादी गुंडाळायला घेतली. गुंडाळताना त्यांनी हात झटकला. म्हणाले, केवढी तापलीय ही.

नवसाबाई वाचल्या. पण रात्रभर त्या खालून चटके बसतायत म्हणत होत्या, आणि सकाळी त्यांच्या पाठीवर भाजल्याचा लांबट लाल डाग दिसला. मशीन स्टोअरमध्ये गेलं. कंपनीच्या माणसाने तपासून दोष सापडत नाही असं सांगितलं, तरी ते पुन्हा कुणाला लावायचं नाही असं ठरलं.

घरी सगळं ठीक होतं. विठाबाईने शेजाऱ्यांना खीर वाटली. संघर्ष भरपूर जेवायचा, वेळेवर झोपायचा, आठवडाभरात लासलगावला कामावर जाऊ लागला. अंग मात्र त्याचं गार असायचं. भर मे महिन्यात, ओट्यावर बसून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर बघत असतानाही, माठासारखं गार. विठाबाईला त्यात समाधान होतं. ताप नाही ना, मग झालं. स्नेहाला तो अजून सिस्टरच म्हणत होता. ती चेष्टा आता जुनी झाली, असं तिने एकदा सांगूनही पाहिलं. तो नुसता हसला.

एका रविवारी विठाबाईने परातीत पीठ घेतलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "किती टाकू रे?"

संघर्षने बोट छातीवर ठेवलं. "दोन," म्हणाला. आईकडे बोट केलं, "तीन." स्नेहाकडे केलं, "चार."

विठाबाई हसायला लागली. "आणि लाभ कुठं गेला?"

 संघर्ष स्नेहाकडे बघत होता, उत्तर तिच्याकडे असल्यासारखा.

ती जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या वेळेत तिने स्टोअरची किल्ली घेतली. मोडक्या पलंगांमागे पाणगादी गुंडाळून ठेवली होती. तिने ती जमिनीवर पसरली, टाकीत पाणी भरलं, प्लग लावला. प्रोब गादीच्या मधोमध ठेवला.

एकशे सात.

तिने बटण दाबलं. पाणी फिरू लागलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. ती गुडघ्यांवर बसली आणि हाक मारली, संघर्ष.

काही झालं नाही. फक्त प्लास्टिक एका जागी किंचित दबलं, आणि पार कडेपर्यंत दबत गेलं. कुणीतरी सरकून जागा करून दिल्यासारखं.

मशीन तेव्हापासून चालू आहे. किल्ली स्नेहाकडे असते. हे तिने तेजल मॅडमना सांगितलेलं नाही, फारुखला नाही, आईला तर नाहीच. परवा पडद्यावर एकशे तीन होते, काल एकशे दोन, आज निघताना शंभर.

आज संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा दार संघर्षने उघडलं. आत विठाबाई भाकरी थापत होती. त्याने स्नेहाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, तेव्हा त्याची बोटं तिच्या हाताला लागली. नेहमीसारखी गार नव्हती, तापलेली होती.

पिशवी खुंटीला अडकवून तो हळू आवाजात म्हणाला, "आज किती, सिस्टर?"