पळसटोल्यात न आलेले हत्ती

"मॅडम, माझ्यामुळे काल अख्खं गाव शाळेच्या छतावर चढलं," दारातूनच ती मुलगी म्हणाली. "आणि हत्ती आलेच नाहीत."

"मंग चांगलंच झालं ना जी," देवाजीभाऊ म्हणाले.

रंजीता मेश्रामने त्यांच्याकडे एक नजर टाकली. देवाजीभाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर 'रंजीता मेश्राम, खाजगी चौकशी' ही पाटी लागली त्या दिवसापासून ते तिथे येऊन बसत. त्यांना कोणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढताही येत नव्हतं.

"बस," रंजीता म्हणाली. "आधी पाणी पी. मग नाव सांग, मग हत्ती."

मुलीचं नाव खुशबू. छातीशी लॅपटॉप असा धरलेला, जणू ताप आलेलं लेकरू. तिने गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावांसाठी मोबाइलचं ॲप बनवलं होतं. रानात कोणाला हत्तींचा कळप दिसला, की त्याने लाल बटण दाबायचं. ॲप जागा ओळखतं, जवळची गावं कोणती याचा हिशेब करतं आणि त्या गावांतल्या सगळ्या फोनवर भोंगा वाजतो. कळप रात्रीतून सरकतो, म्हणून एका गावाला वाजलं की लागून असलेल्या गावालाही वाजायलाच हवं, असा नियम तिने त्या हिशेबातच घातला होता.

"काल दुपारी पळसटोल्यात भोंगा वाजला. बायका गोदामात चारोळी निवडत होत्या, त्या तशाच पळाल्या. खाली उतरून बघतात तर हत्तीचं पाऊल नाही, आणि ग्रामसभेच्या चारोळीची दोन पोती गायब."

"कोणाचं बटण दाबलं गेलं, याची नोंद?"

"ठेवतच नाही. लोक म्हणाले, नोंद राहिली तर रानात काऊन गेला होता म्हणून उद्या कोणी विचारेल. मी शब्द दिला होता."

"चांगला शब्द दिलास. पुढे?"

"लागूनच खैरटोला आहे, मधे एक बांध. तिथे वाजलंच नाही! लग्न होतं, लोक बँडवर नाचत होते. म्हणजे माझा हिशेबच चुकलाय, मॅडम." तिने लॅपटॉप आणखी घट्ट धरला. "आज उन्हं उतरल्यावर ग्रामसभा आहे. ॲप सगळ्यांच्या फोनमधून काढायचं ठरणार आहे. माझं जाऊ द्या. पण कळप खरंच त्या भागात फिरतोय. मागच्या महिन्यात हेच ॲप वाजलं म्हणून चार घरं वाचली."

रंजीता उठली. चप्पल शोधता शोधता म्हणाली, "देवाजीभाऊ, जीप सांगा."

---

वैनगंगेचा पूल मागे पडला, तसं जंगल रस्त्याला येऊन भिडलं.

"आपण असं करू," देवाजीभाऊंना एकदम सुचलं. "एकडाव बटण दाबूनच पाहू. चुकते का नाई, कळून जाईल."

"आणि पुन्हा सगळी गावं छतावर," रंजीता म्हणाली. "या उन्हात. मग ग्रामसभा आपल्यालाच काढून टाकेल."

"बरं, लोकायले कसं कळते का हा भोंगा हत्तीचाच आहे? लग्नाच्या गाड्याबी तसंच केकाटतात."

"गावात शिकवायला गेले तेव्हा मोठ्या स्पीकरवर लावून ऐकवला होता," खुशबू म्हणाली. "लहान पोरांनाही ओळखू येतो आता."

"नेटवर्क कसं आहे तिथे?" रंजीताने विचारलं.

"टॉवर खैरटोल्यात. पळसटोल्याला उरलंसुरलं मिळतं."

---

गोदाम म्हणजे शाळेशेजारची एक पत्र्याची खोली. किल्ली चंदनकडे. तिशीतला माणूस, पण चेहऱ्यावर कालपासून चार वर्षं जास्त चढलेली.

"सगळे माझ्यावरच पाहून राह्यले बाई. किल्ली माझ्यापाशी, म्हणून चोर मी!"

"कुलूप लावलं होतंस?"

"भोंगा वाजल्यावर कुलूप कोण लावते? दार सताड उघडं. मी छतावर सगळ्यायच्या आधी पोचलो, हे मात्र खरं. लाज वाटते, पण खरं आहे."

"तुझा फोन कुठे होता?"

"सदऱ्यात. सदरा खुंटीले, गोदामात. गरमी किती होती! भोंगा बाहेरून आला, सुकरीबाईच्या घराकडून."

सुकरीबाई बचतगटाची अध्यक्ष. ॲप काढायची मागणी तिचीच. रंजीता तिच्या ओट्यावर टेकली.

"माह्या गुडघ्याची वाट लागली वं माय, त्या शिडीनं," सुकरीबाई खुशबूकडे बघत कडाडली. "हत्ती आला असता तरी इतकं दुखलं नसतं!"

"तुमचा फोन वाजला?"

"वाजला म्हणजे? सगळ्या गावाचे वाजले!"

"तुमचा, बाई."

सुकरीबाईने आतल्या घराकडे बोट केलं. "माहा चार्जिंगले होता, आतल्या घरात. चंदनचा वाजला असंन, गोदामात. मले तिकडूनच ऐकू आला."

देवाजीभाऊंनी जांभई दिली. रंजीताने दिली नाही.

गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, पोचू म्हशी धूत होता. फोन नावाची वस्तू त्याने आयुष्यात बाळगली नव्हती, आणि कान अर्धेच चालत.

"ऐकला ना," तो म्हणाला. "शाळेमागच्या मोहाच्या झाडाकडून. म्हशीयनं कान टवकारले, तवा मले समजलं."

"इतक्या लांब? स्पष्ट?"

"मले ऐकू आलं म्हणजे किती मोठा असंन, तुमीच समजा."

"एका गावात इतके फोन," देवाजीभाऊ समजुतीने म्हणाले, "एकदम वाजले तर जाईन ना जी आवाज."

---

शाळेच्या व्हरांड्यात खुशबूने लॅपटॉप उघडला.

"मला तुझ्या ॲपमधली एकच गोष्ट बघायची आहे," रंजीता म्हणाली. "कोणत्या गावाला वाजवायचं, हे ठरवणारा हिशेब. तेवढाच बाहेर काढून एकटा चालवता येईल? फोन नाही, बटण नाही, भोंगा नाही."

"हे मोबाइल ॲपचं सॉफ्टवेअर आहे मॅडम, अँड्रॉइड स्टुडिओ. त्याला प्रत्येक वेळी फोन हवा असतो." तिने तरी करून पाहिलं. ॲपच्याच आत एक छोटं 'मेन' लिहिलं, म्हणजे कोड सुरू व्हायची पहिली पायरी, आणि ते चालवून पाहिलं. पडद्यावर लाल ओळी उमटल्या. "बघा! त्याला सगळं ॲपच उभं करायचंय."

"मग ॲपच्या बाहेर बसव त्याला. एकाच पाटावर सगळे कशाला?"

खुशबू थबकली. मग तिची बोटं चालू लागली. त्याच प्रकल्पात तिने एक वेगळा, साधा विभाग उघडला. ज्याला स्क्रीन ठाऊक नाही, फोन ठाऊक नाही. त्यात एक कोरी फाईल. फाईलमध्ये 'मेन', आणि त्यात एकच ओळ. बाजूचं हिरवं त्रिकोणी चिन्ह दाबलं. खालच्या चौकटीत उमटलं: *नमस्कार*.

"नमस्कार जी," देवाजीभाऊ म्हणाले.

"चाललं!" खुशबू हसली. सकाळपासून पहिल्यांदा. तिने ॲपमधला हिशेब तसाच्या तसा, काना-मात्रा न बदलता, इथे आणून ठेवला. जागा तिनेच हाताने दिली: पळसटोल्यामागचा नाला.

*पळसटोला, खैरटोला.*

"टेकडी दे," रंजीता म्हणाली.

*पळसटोला, खैरटोला.*

"आता अगदी पलीकडची, जिथून पळसटोला कसाबसा टप्प्यात येतो अशी जागा."

*पळसटोला, खैरटोला.*

खुशबूने वीसेक जागा दिल्या. कधी तिसरं गाव आलं, कधी दोन्ही गेली. पण पळसटोला एकटा एकदाही आला नाही. तिचे डोळे भरून आले. "हिशेब बरोबर आहे. मॅडम, माझा हिशेब बरोबर आहे!"

"हिशेब बरोबर, अन् भोंगा चूक?" देवाजीभाऊ गोंधळले. "नेटवर्कनं घात केला असंन."

"टॉवर कोणाकडे आहे, देवाजीभाऊ?"

"खैरटोल्याले." त्यांनी डोकं खाजवलं. "मंग त्याईलेच आधी भेटाले पायजे होता... आता मले काई समजून नाई राह्यलं."

"मला समजून राह्यलंय," रंजीता म्हणाली.

---

उन्हं उतरत होती. शाळेसमोर धनराज पिकअपमधून ग्रामसभेसाठी माइक उतरवत होता. आसपासच्या सगळ्या टोल्या-पाड्यांची लग्नं आणि सभा याच्याच स्पीकरवर होत. स्पीकरचा एक डबा मांडून झाला होता; दुसरा, तेवढाच अवजड, गाडीतच ताडपत्रीखाली.

"काल कुठे होतास, धनराजभाऊ?"

"खैरटोल्यात जी, लग्नात. पन्नास जण सांगतीन. रात्री तिथीच झोपलो, आज सरळ इथीच आलो, घरीबी गेलो नाई. घरच्या रस्त्यात वनखात्याचा नाका, गाडी थांबोते, ताडपत्री काढाले लावते. कोण कटकट करंन? म्हटलं सभा आटपूनच जाऊ."

"दुसरा डबा नाही लावत?"

"फुंकला जी तो. आतलं गेलं."

मागून कोणीतरी खो-खो हसलं. खैरटोल्याचा लच्छू, कालच्या नवरीचा मामा, पळसटोल्याची फजिती बघायला खास आला होता.

"याचे डबे असेच! वरात दारात, अन् याचा पत्ता नाई. बँडवरच भागोलं आमी. आला तवा जेवणं उरकत आलती, अन् एकच डबा वाजे. नवरदेव रुसला ना भाऊ!" मग पळसटोल्याच्या लोकांकडे वळून, "काय गा, हत्ती तुमालेच काऊन भेटाले येतात? आमी काय वाईट आहो?"

---

ग्रामसभा भरली. सुकरीबाईने मागणी मांडली, माना हलल्या. खुशबू कोपऱ्यात ओढणीचं टोक पिळत उभी.

रंजीताने माइक मागून घेतला.

"एकच प्रश्न. काल ज्याचा स्वतःचा फोन, स्वतःच्या हातात किंवा खिशात वाजला, त्याने हात वर करा. शेजाऱ्याचा नाही. स्वतःचा."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक हात अर्धा वर आला, मग खाली गेला. आणखी कोणीच नाही.

"चंदन म्हणतो, सुकरीबाईच्या घराकडून आवाज आला. सुकरीबाई म्हणतात, गोदामाकडून. आणि शाळा आहे बरोबर दोघांच्या मधे. पोचूभाऊंनी तर फोनच घेतला नाही कधी, पण बोडीत बसून त्यांनी ऐकला, शाळेमागच्या मोहाकडून. सगळ्यांनी भोंगा ऐकला. फोन मात्र कोणाचाच वाजला नाही."

कुजबुज उठली.

"या पोरीने हिशेब ॲपमधून बाहेर काढून, एकटा चालवून दाखवला. तो पळसटोल्याला वाजवतो, तेव्हा खैरटोल्याला वाजवल्याशिवाय राहत नाही. टॉवरही खैरटोल्यातच. तरी तिथे लोक नाचत होते. म्हणजे ॲप चुकलं नाही. ॲप काल वाजलंच नाही! कोणीतरी त्याचा आवाज वाजवला; खैरटोल्यात तो बँडखाली दबला. म्हशींना ऐकू जाईल इतका मोठा आवाज करायला या टोल्यांत एकाकडेच सामान आहे. शिकवणीच्या दिवशी भोंगा त्याच्याच स्पीकरवर लावला होता ना, खुशबू?"

"हो," खुशबू हळूच म्हणाली. "पेनड्राइव्ह त्यांच्याकडेच राहिला."

सगळ्या माना धनराजकडे वळल्या.

"मी लग्नात होतो!" धनराज ओरडला. "लच्छूभाऊ, सांग ना!"

"होता ना," लच्छू म्हणाला. त्याचं हसू आता गळून पडलं होतं. "जेवणं उरकत आलती तवा."

"वरातीच्या वेळी तो मोहामागे होता," रंजीता म्हणाली. "भोंगा वाजवला, लोक छतावर गेले. सगळे रानाकडे डोळे लावून. गोदामाकडे कोण बघतो? भोंग्यात गाडीचा आवाजही बुडाला. पोती गाडीत टाकली. पण नाक्यावर ताडपत्री उघडतात. चारोळी अशा ठिकाणी हवी, जिथे कोणी बघणार नाही. म्हणून एका डब्याचं आतलं काढलं, आणि लग्नात एकच डबा वाजला." ती धनराजकडे वळली. "डब्यातलं आतलं गेलं म्हणतोस ना, भाऊ? मग हलका झाला असेल. उतरव बरं एकट्याने."

धनराज जागचा हलला नाही.

चंदन हलला. त्याने आणि देवाजीभाऊंनी मिळून डबा ओढला, तर देवाजीभाऊंच्या तोंडून "आई गं!" निघालं. मागची फळी चार स्क्रूंवर होती. फळी निघाली आणि पहिल्या पोत्याचं तोंड दिसलं. कोंबताना ते उसवलं होतं. शाळेच्या अंगणात मूठभर चारोळी सांडली.

मग सुकरीबाई उठली, दुखऱ्या गुडघ्यांनीच खुशबूपर्यंत गेली आणि तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून तिने बोटं कडाकडा मोडली.

"पोट्टी खरी निंगाली वं!" ती सभेकडे वळली. "ॲप राहीन. अन् ज्याईच्या फोनात नाई, त्याईनं आजच टाकून घ्या. लच्छू, तू हसत काय होता? खैरटोल्यालेबी!"

टाळ्या इतक्या पडल्या, की माइकला कोणी हातही लावला नाही. धनराजला दोघांनी व्हरांड्यात बसवून ठेवलं. पोलीस पाटील फोनवर ठाण्याशी बोलत होते. चंदन सांडलेली चारोळी एकेक दाणा वेचत होता आणि कालपासून पहिल्यांदाच त्याला कोणी अडवत नव्हतं.

परतताना देवाजीभाऊ म्हणाले, "मले आधीच शंका होती त्याच्यावर."

"कधीपासून?"

"डबा उचलला तवापासून."

---

आठवड्याभराने भरदुपारी रंजीताचा फोन वाजला. पलीकडे वारा, कोंबड्या, पोरांचा कालवा आणि त्या सगळ्यावर सुकरीबाई.

"बाई, हत्ती आले! खरंच आले!" इतक्या आनंदाने हत्ती आल्याची बातमी आजवर कोणी कोणाला दिली नसेल. "सगळ्यायचे फोन वाजले. माहाबी वाजला, हातातच होता! आमी छतावर आहो. पोचूले म्हशीसंगट बोडीतून ओढून आणला. अन् तिकडे खैरटोल्याच्या छतावर लच्छू दिसून राह्यला, लुंगीवरच चढला आहे!"

"सगळे आहेत ना वर? मोजले?"

"एक ना एक माणूस. खाली हत्ती माह्या केळी खाऊन राह्यले, खाऊ दे." मग फोन तोंडापासून लांब गेला आणि ती कोणावर तरी ओरडली, "खुशबूले फोन लाव रे कोणी! तिले म्हणा, हिशेब बरोबर आला!"