वहीतलं मंगळवारचं पान

पहिल्याच भेटीत तिने वकिलाला मेकॅनिक समजून झापलं.

मोफत कायदेशीर मदत केंद्रातलं झेरॉक्स मशीन उघडून तो गुडघ्यांवर बसला होता. बाह्या दुमडलेल्या, दोन्ही हात काळे. एका हाताने वडिलांचा दंड आणि दुसऱ्याने कागदांची पिशवी सांभाळत ती अर्धा तास ताटकळली होती.

"अहो, मशीन नंतर दुरुस्त करा, आधी वकील कुठे भेटतील ते सांगा."

"वकील ना... हात धुऊन येतोच," तो म्हणाला.

बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्याचं नाव शाईवाले ठेवून टाकलं. जेवलो की नाही हेही ते विसरायचे, पण शाईवाले मात्र डोक्यात पक्कं बसलं.

बाबा रंगारी. वर्षापूर्वी कामावर असताना शिडीवरून पडले ते थेट डोक्यावर. टाके निघाले, केस पुन्हा उगवले, बोलणंही पूर्वीसारखंच खुसखुशीत राहिलं. आतलं मात्र सगळं विस्कटलं होतं. गॅस चालू ठेवून निघून जायचे, आपल्याच गल्लीत हरवायचे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे. विमा कंपनीचे डॉक्टर त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले आणि माणूस ठणठणीत आहे असं लिहून मोकळे झाले. झालं, बाबांचे उपचार थांबले. तिची चष्म्याच्या दुकानातली नोकरीही टांगणीला लागली, कारण त्यांना दिवसभर एकटं सोडणार कुणाच्या भरवशावर?

"दहा मिनिटांत जे दिसत नाही, ते रोज बघणाऱ्याला दिसतं," शाईवाले म्हणाले. "रोज लिहा. जसं घडलं तसं. काही गाळू नका, काही सजवू नका."

ती लिहू लागली. दर मंगळवारी तो घरी येऊन पानं वाचायचा. बाबा त्याला भिंत कुठून ओल धरते ते शिकवायचे आणि तो दर मंगळवारी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकायचा. स्वयंपाकघराच्या दारातून तिला ते बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. कित्येक महिन्यांत बाबांचं इतकं निवांत कुणी ऐकलं नव्हतं.

"अक्षर फार छान आहे तुमचं," एकदा तो वहीतून मान वर न काढता म्हणाला.

"हे केससाठी म्हणताय की..."

"केससाठीच," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

सुनावणी आठवड्यावर आली आणि वही त्याच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिला ते पान आठवलं. सुरी तिथेच टाकून, बाबांना शेजारच्या मावशींकडे बसवून ती धापा टाकत केंद्रात पोचली. तिला वहीतलं एक पान फाडायचं होतं.

"कुठलं ते माहीत आहे मला," तो हळूच म्हणाला. "पण नाही फाडता येणार. गैरसोयीचं तेवढं काढलं, म्हणतील विमावाले. काकांची सगळी केस त्या वहीवर उभी आहे."

तिला कुठे तोंड लपवू असं झालं. "मग त्या पानावर... तुम्ही काहीच बोलणार नाही?"

"आत्ता नाही," तो म्हणाला. मग खिडकीबाहेर बघत, "आणि केस आता केंद्रातल्या आमच्या मोठ्या वकील मॅडम चालवतील."

एवढंच. घरी जाताना तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

सुनावणीच्या दिवशी बाबा नेमके खुलले. सुनावणी घेणाऱ्या बाईंना त्यांनी या खोलीला कोणता रंग शोभेल ते सांगितलं. सगळे हसले, ती सोडून. ठणठणीतच दिसत होते की बाबा! शाईवाले मागच्या बाकावर बसले होते.

मग विमा कंपनीचे वकील उठले. ही आजाराची नोंद नसून प्रेमाची डायरी आहे, असं म्हणत त्यांनी ते पान खणखणीत आवाजात वाचलं.

"मंगळवार. बाबांनी शाईवाल्यांना विचारलं, लग्न झालंय का तुमचं? ते म्हणाले, नाही काका. चहा ओतेपर्यंत पुन्हा विचारलं. ते म्हणाले, नाही काका. कप विसळेपर्यंत तिसऱ्यांदा विचारलं. शाईवाले तितक्याच मायेने म्हणाले, नाही काका. आणि मला तिसऱ्यांदाही तितकंच बरं वाटलं."

खोलीत हशा पिकला. तिने मान खाली घातली ती वर काढलीच नाही. बाईंनी मात्र वही मागून घेतली आणि पान स्वतः वाचलं.

"ही मुलगी इथे वडिलांचं दुखणं लिहायला बसलेलीच नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर माझा विश्वास बसतोय. चहा होईपर्यंत तीनदा तोच प्रश्न."

दुपारी निकाल लागला. विमा कंपनीच्या खर्चाने उपचार पुन्हा सुरू होणार होते आणि बाबांजवळ दिवसभर कुणीतरी असणार होतं. तिने मॅडमचे दोन्ही हात धरले.

"आभार त्याचे मान," मॅडम म्हणाल्या. "त्या पानावर तो होता. तोच उभा राहिला असता, तर वकिलानेच लिहून घेतलं असं विमावाले म्हणाले असते. पान राहावं म्हणून त्याने केस सोडली."

तो व्हरांड्यात बाबांच्या चपलेचा बंद लावून देत होता. तिचे डोळे भरून आले.

"तुमचे उपकार..."

"उपकार नको. आता मी तुमचा वकील नाही, तेव्हा... बोलू शकतो."

पण बाबांना धीर कुठला! "लग्न झालंय का तुमचं?"

"नाही काका. तुमच्या मुलीला विचारावं म्हणतोय."

"विचारा की," बाबा खूश होऊन म्हणाले. "गुणाची आहे हो."

जिना उतरेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं आणि बाबा पुन्हा तितकेच खूश झाले. फाटकाशी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मात्र तो तिच्याकडे बघू लागला.

"ठरलंय, बाबा," ती म्हणाली. "माझ्याशी."

बसमध्ये बाबांनी चौथ्यांदा विचारलं. ही बातमी आता त्यांना रोज नव्याने कळणार होती. ती रोज सांगायला आता दोघं होते.