मागची ओ

“दोनदा! दोनदा ओ आली, मीनाक्षी. मी बहिरा नाही.”

“मी एकदाच दिली, अण्णा.”

“मग दुसरी कुणी दिली? माकडानं?”

“ते मला काय ठाऊक? माझ्या मागं कोण नव्हतं.”

“कोण नव्हतं म्हणतेस आणि ओ तर आली! कोर्टात अशी साक्ष दिली असतीस तर जज्जानं हाकलून घातलं असतं. काकाला आणलायस ना मागनं? आम्हाला भिववायला?”

“माझा काका गुडघ्यानं अधू हाय. परसाकडं जायला त्याला काठी लागती. तो डोंगर चढंल?”

ओसरीवर पायाचे फोड फुंकत बसलेला बँकेतला सुधींद्र फिसकन हसला. मीनाक्षीशी भांडणाऱ्या भीमसेन वकिलांनी डोळे वटारल्यावर परत फोडांकडे वळला.

आत चुलीपाशी वेणूबाई भाताच्या पातेल्यावर झाकण धरून उभ्या होत्या. पाणी आटून भात खाली लागायला आला होता, वास सुटला होता, आणि तरी त्यांचा हात हलत नव्हता. पाव तास हे भांडण चाललं होतं. एरवी वेणूबाई असं भांडण पाव मिनिट चालू देत नसत. दुर्गदबैलाच्या बाजारातल्या व्यापाऱ्याला भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत, तोंडावर खोटारडा म्हणणारी बाई ती. शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचणं, नकाशा बघणं, होकायंत्र लावणं सगळं आपलं आपण शिकली. केशवापुरात त्यांच्या गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक आधी वेणूबाईंना साक्षीला बोलावत. त्या खोटं बोलत नाहीत, एवढी त्यांची ख्याती.

त्या ख्यातीचंच त्यांना गेली चार वर्षं ओझं झालं होतं.

आता ही ओ म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. अळणावरच्या पुढं जंगलात शिरलं की घाटमाथ्यावरून चार दिवसांची पायवाट आहे. वाटेत जंगलखात्याच्या तीन जुन्या खोप्या आहेत, मातीच्या भिंती आणि वर पत्रा. एका खोपीवरनं निघायचं आणि दिवस कलायच्या आत दुसरी गाठायची. धारवाडचं एक मंडळ दरसाल दसऱ्याच्या सुट्टीत माणसं घेऊन जाई. भीमसेन वकील पुढं, वेणूबाई भांडी आणि शिधा सांभाळून मध्ये. सगळ्यांच्या मागं वाटेवरच्या वाडीतला एक माणूस. ह्या वाटेवर ढग अंगावरनं चालतात, पुढच्या दोघांच्या पलीकडं काही दिसत नाही. म्हणून नियम असा की प्रत्येक वळणावर पुढच्यानं थांबून ‘होऽऽ’ करून हाक मारायची आणि शेवटच्या माणसानं ‘ओऽऽ’ द्यायची. ओ आली म्हणजे सगळे आले. ओ आली नाही तर कुणी पाऊल उचलायचं नाही, मग पाऊस असो नाहीतर वाघ.

हे मागं चालण्याचं काम सटवाजीच्या घराकडं होतं. आधी त्याचा बाप, मग तो. काळं कांबळं डोक्यावरनं घेतलेला, सदा घसा बसलेला, कमी बोलणारा माणूस. सन अठ्ठ्याण्णवला दुसऱ्या आणि तिसऱ्या खोपीच्या मध्ये तो मागं राहिला आणि तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला मेलेला सापडला. मंडळानं कागद केला, त्यात लिहिलं: सटवाजीची ओ सर्वांनी ऐकली, तेव्हा ओढ्यापर्यंत तो रांगेत होता, पुढे स्वतःच्या मर्जीनं मागे फिरला. पुढचं वाडीनं जोडलं. प्यायला गेला असणार. माणसं टाकून पळाला. मीनाक्षी, त्याची पोरगी, तेव्हा वीस वर्षांची. चार वर्षं नळावर ती हेच ऐकत पाणी भरत होती.

यंदा मागं चालायला कुणी मिळेना. मीनाक्षी आपण होऊन आली. भीमसेन वकील कुरकुरत म्हणाले होते, “हे चार दिवस नीट निभाव. मग काम परत तुमच्या घराला.” तिला काम हवं होतंच, पण त्याहून ‘परत’ हा शब्द हवा होता.

आणि दुसऱ्याच दिवशी हे भांडण.

“साकु!” वकील म्हणाले. “पुरे झालं. उद्या वेणूबाई तुझ्याबरोबर मागं चालतील. त्या सांगतील तुझ्या मागं कोण येतं ते. त्या सांगतील ते मी मानीन. तू मानशील?”

“वेणक्कांचं? मानीन की.” मीनाक्षी आत वळून म्हणाली, “वेणक्का, भात करपला.”

वेणूबाईंनी पातेलं उतरवलं. हात भाजला तेव्हा कळलं की फडकं घेतलं नव्हतं.

सटवाजीची ती शेवटची ओ सटवाजीनं दिलेली नव्हती.

त्या दिवशी पाऊस असा होता की तोंड उघडलं की पाणी आत जाई. विद्यानगरच्या कॉलेजातल्या दोन पोरी काकडत होत्या, एकीचं अंग तापलं होतं. पुढून हाक आली. मागनं ओ येईना. दुसरी हाक आली. एरवी मध्ये चालणाऱ्या वेणूबाई ह्या पोरींपायी मागं पडून रांगेत शेवटून दुसऱ्या झाल्या होत्या. मागं बघितलं तर नुसता ढग. चप्पल बांधत असेल, विडी पेटवत असेल, येईलच आता, नेहमी येतोच की. त्या पोरीचे दात वाजत होते. तिसरी हाक आली आणि वेणूबाईंनी तोंडाला हात लावून, घसा जाड करून, सटवाजीसारखी ओ दिली. रांग हलली. सगळ्यांनी ओढा ओलांडला. मग ओढ्याला लोंढा आला.

खोपीवर आल्यावर सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सांगायची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी तो सापडला, आणि मग सांगायचं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल.

सकाळी निघताना आभाळ स्वच्छ होतं. दहाच्या सुमाराला ढग उतरायला लागले. आधी झाडांचे शेंडे गेले, मग बुंधे, मग पुढच्या माणसाची पाठ. किरकिऱ्यांचा आवाज चालला होता तो कुणीतरी हात ठेवल्यासारखा थांबला. कुजलेल्या पानांचा वास, पायाला जळवा, पानांवरनं गळणारं पाणी. टप्. टप्. वेणूबाई पुढं, दोन हातांवर मीनाक्षी, आणि तिच्या मागं काही नाही. वेणूबाईंनी निघतानाच वाटेवर मागं पार वळणापर्यंत जाऊन बघितलं होतं. कुणी नव्हतं.

“होऽऽ,” लांब पुढून वकिलांची हाक आली.

“ओऽऽ,” मीनाक्षीनं दिली. तिची ओ बारीक, सरळ. विहिरीत दगड टाकावा तशी गेली आणि संपली. मागनं काही नाही.

दुसऱ्या वळणावर तसंच. तिसऱ्या वळणावर तसंच. वेणूबाईंचा जीव जरा खाली बसला. डोंगरात आवाज फिरून येतो, दुसरं काय! वकिलांचे कान काय, आता साठीला आले.

“अप्पा इथंच चालायचे ना, वेणक्का? ह्याच जागी?”

“ह्याच जागी.”

“तुम्ही पुढं होता त्यांच्या.”

“होते.”

“मग तुम्हीच शेवटचं बघितलंय त्यांना.” मीनाक्षीनं पायाची जळू उपटून टाकली. “प्यालेले होते काय हो?”

“नाही!” वेणूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की स्वतःच दचकल्या. “थेंब नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.”

“मला कोण विचारतंय? मीच तुम्हाला विचारलं.” पोरगी हसली. तिला तेवढ्यानंच बरं वाटलं होतं, आणि ते बघून वेणूबाई तोंड फिरवून चालायला लागल्या.

मग वास आला. ओल्या कांबळ्याचा. पावसात भिजलेल्या लोकरीचा तो खारट, मेंढरासारखा वास. बरोबरच्या अकरा जणांत कांबळं एकाकडंही नव्हतं, सगळ्यांचे प्लास्टिकचे रेनकोट. मीनाक्षीची पावलं हळू झाली.

“होऽऽ.”

मीनाक्षीनं ओ द्यायला तोंड उघडलं. श्वास घेतला.

“ओऽऽ...”

तिची नव्हती. तिचं तोंड नुसतंच उघडं होतं. ओ मागनं आली होती, वीस-पंचवीस हातांवरनं, ढगातनं. जाड, घोगरी.

“अप्पा...” मीनाक्षी पुटपुटली. “पावसात त्यांचा घसा असाच बसायचा, वेणक्का... असाच...”

त्या ओच्या शेवटाला आवाज जरासा फाटला होता. बाईमाणसानं घसा ओढून जाड केला की शेवटी दम पुरत नाही, आवाज वर निसटतो, तसा. तो निसटलेला आवाज वेणूबाईंच्या ओळखीचा होता. चार वर्षं रोज झोपताना ऐकलेला होता. तो सटवाजीचा नव्हता. तो त्यांचाच होता.

आणि पुढं रांग हलली. ओ आली होती ना! वकिलांची पावलं, भांड्यांचा खडखडाट, सुधींद्रचं कण्हणं, सगळं त्या दिवशीसारखंच पुढं चालू लागलं.

“चल,” वेणूबाईंनी मीनाक्षीचं मनगट धरलं. “मागं बघू नकोस. चल.”

ओढ्यापाशी सगळे थांबले होते. पाणी गुडघ्याएवढं, पण रंग गढूळ व्हायला लागला होता. वर कुठंतरी पाऊस पडत होता.

“आटपा, आटपा!” वकील ओरडत होते. “अर्ध्या तासात ह्याला उतार राहायचा नाही. हात धरून चला.”

बाकीचे एकेक करून पलीकडं गेले. मीनाक्षी अलीकडंच उभी राहिली.

“मागं माणूस हाय, अण्णा.”

“परत तेच?”

“आत्ताची ओ मी दिली नाही. वेणक्कांना विचारा. तुम्हीच म्हणाला होता, त्या सांगतील ते मानीन.”

वकील ओढ्याच्या मध्यापर्यंत परत आले. पाण्यात उभं राहून त्यांनी वेणूबाईंकडं बघितलं. “वेणूबाई?”

“तिनं नाही दिली,” वेणूबाई म्हणाल्या.

“मग?”

वेणूबाईंनी वळून मागच्या ढगाकडं बघितलं.

“बघा! माझे अप्पाच हायत,” मीनाक्षीनं पाठीवरची पिशवी काढून दगडावर ठेवली. “चार वर्षं ओ देतायत. कुणी थांबलं नाही. मी आणते त्यांना.”

“वेडी झालीस काय? ढगात दहा पावलं गेलीस तर वाट चुकशील. पाणी वाढतंय, दिसत नाही? तू ह्याच अंगाला अडकलीस तर सकाळपर्यंत तुला आणायला कुणी येऊ शकत नाही!”

“ते पण असेच अडकले होते. तुम्ही टाकून गेलात.”

“मी टाकलं नाही!” वकिलांचा आवाज फुटला. एवढ्या वर्षांत तो माणूस असा ओरडलेला कुणी ऐकला नव्हता. “मी हाक मारली होती. तीनदा मारली होती. ओ आली म्हणून पाऊल उचललं. त्या एका ओवर मी चार वर्षं झोपतोय, मीनाक्षी. ओ देऊन तुझा बाप मागं फिरला, त्याला मी काय करू?”

“माझा बाप फिरणारा नव्हता!”

“मग गेला कुठं? ओ देणारा माणूस गेला कुठं?”

“तेच बघायला चालले!”

ती वळली. वाटेवर पाच पावलं गेली, सहावं पाऊल ढगात गेलं, घोट्यापर्यंतचा पाय दिसेनासा झाला. वकील पाण्यातनं धडपडत पुढं यायला लागले आणि घसरून हातांवर पडले. आणि तेवढ्यात, कुणीही हाक मारलेली नसताना, मागनं परत आली. पहिल्यापेक्षा जवळनं.

“ओऽऽ...”

शेवटाला जरासा फाटलेला आवाज. मीनाक्षी धावायला लागली.

वेणूबाई साठीच्या, गुडघे धरलेले. पण त्या धावल्या आणि ढगाच्या तोंडाशी त्यांनी पोरीचा दंड धरला. मीनाक्षीनं हिसका दिला. त्यांनी सोडला नाही.

“सोडा, वेणक्का! ते बोलावतायत!”

“ते नाहीत.”

“तुम्हाला काय माहीत?”

वकील काठावर येऊन पोचले होते, गुडघे खरचटलेले, चष्म्यावर चिखल. पलीकडून सुधींद्र आणि बाकीचे हाका मारत होते. पाण्याच्या आवाजात त्या कळत नव्हत्या. वेणूबाईंनी आधी पोरीकडं बघितलं, मग वकिलांकडं. ह्या दोघांपैकी एकाला आज बाप परत मिळणार होता आणि एकाची झोप कायमची जाणार होती, आणि आपलं केशवापुरातलं नाव तर ओढ्यातच जाणार होतं. त्यांनी पोरीचा दंड आणखी घट्ट धरला, आणि ज्या आवाजात त्या भर बाजारात बोलत त्याच आवाजात म्हणाल्या,

“अण्णा, परत एक हाक मारा आणि ह्या खेपेला थांबा; त्या दिवशी सटवाजीच्या जागी ओ मी दिली होती, आज मागनं येतेय तीही माझीच आहे, आणि सटवाजीनं अजून दिलेलीच नाही.”