वाघदेवाचा शेंदूर

जव्हारच्या स्टँडवर दाभोशाची जीप खच्चून भरली होती, तरी ड्रायव्हर म्हणाला, "बसा मॅडम, होते जागा." झाली... रूपेश नावाच्या एका तरुणाच्या शेजारी, आणि माझा रिकाम्या बाटल्यांचा खोका त्याच्या मांडीवर. मोहाची फुलं गळायचे दिवस होते. तो वास आला की मला अजून ती जीप आठवते.

"दारूचा धंदा का, मॅडम?" त्याने बाटल्यांकडे बघत विचारलं.

"पाण्याचा!" मी फणकारले. मग पुण्यातलं माझं संशोधन सांगितलं. कागदाच्या पट्टीत डीएनएचा इवलासा धागा. आईबापांचा वारसा वगैरे न सांगता नुसतं काम करणारा. पाण्यात शिसं भेटलं की तोच कात्री होतो, जोडीचा धागा कापतो आणि पट्टीवर निळी रेघ उमटते.

"आन दुसरा कोण भेटला तर?"

"ढुंकूनही बघत नाही."

"भलताच मानी हाय..." हे तो बाटल्यांकडे बघून म्हणाला नाही. मी आपली खिडकीबाहेर बघत बसले.

रूपेश दाभोशाचाच, तिथल्याच शाळेत मास्तर. गावच्या झऱ्याचं पाणी तपासणीसाठी भरून पाठवायचं त्याने कबूल केलं. पुण्यात मी त्यात पट्टी बुडवली, तर निळी रेघ! म्हणजे पाण्यात विषारी शिसं. उन्हाळाभर अख्खं गाव त्या झऱ्यावर. तो बंद झाला तर बायकांनी हंडे घेऊन नदीपर्यंत उतरायचं. मी मिळेल ती एसटी पकडली.

"पाणी भरलंत कसं? जसंच्या तसं करून दाखवा."

झऱ्याकाठी वाघदेवाचा दगड. रूपेशने पुडी सोडली, देवाला शेंदूर लावला, हात जोडले... आणि त्याच बोटांनी बाटलीचं झाकण उघडलं.

"अहो, थांबा! आधी शेंदूर?"

"देवाला नाय विचारता पाणी कसा न्यायचा?"

मला हसू फुटलं, डोळेही भरून आले. त्या शेंदरातच शिसं होतं! साबणाने त्याचे हात धुवून घेतले, नवी बाटली भरायला लावली. पट्टी बुडवून आम्ही बाजूच्या कातळावर बसलो. दोघांचीही नजर पट्टीवर. रेघ उमटली नाही. झरा स्वच्छ होता.

"एवढं काय मागितलंस रे देवाकडे?" तुम्हीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही.

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. "तुझी पट्टी चुकू नये... आन..."

"आन काय?"

"तू परत यावीस."

कानशिलं तापली माझी. "पट्टी चुकली नव्हतीच," मी हळूच म्हटलं. "आणि मी... आलेय ना?"

"मंग देवाने दोन्ही ऐकला," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून हसला. त्या हसण्यावर मी जीव ओवाळून टाकला.

लग्नानंतरही कामासाठी माझं पुणे-दाभोसा चालूच आहे. रूपेश आता आधी बाटल्या भरतो, मगच शेंदराला हात लावतो. काय मागतो ते विचारलं तर सांगत नाही. पण मी पुण्याला निघाले, की वाघदेवाला शेंदूर लागलेला असतो.