अव्वाचा वाटा

त्या दुष्काळात नांदेडला माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि आमचा महासंगणक गार खोलीत बसून होता. जावयाचा थाट नुसता! पण काम अवघड होतं. निलंग्याकडच्या आमच्या गावाशेजारी नव्या जिल्ह्याची कचेरी होणार होती. तिच्यासाठी पाणी कुठल्या खडकाखाली आहे, ते शोधायचं. विहिरींच्या पातळ्या, खडकाचे थर, मागचा सगळा पाऊस त्याला भरवला. गावची रुद्रभूमी, म्हणजे आम्हा लिंगायतांची दफनभूमी, मी 'पडीक' म्हणून भरली. नाहीतर परवानगीत काम अडकलं असतं.

पडद्यावर जमिनीखालचं पाणी निळं दिसायचं. त्या पडीक तुकड्यात मात्र ओळीनं खळगे पडले होते आणि आकडेमोडीच्या दर फेरीला ते खोल होत होते. तिथं ना बोअर, ना विहीर. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले.

"सर," माझी सहकारी सिंधु हळूच म्हणाली, "कुणीतरी पिऊन राहिलंय."

ओळीत एकच जागा काठोकाठ भरलेली होती. यंत्रानं बोअरची खूण तिथंच केली. ती जागा मी ओळखली. गेल्या उन्हाळ्यात अव्वाला, माझ्या आईला, तिथंच बसवून पुरलं होतं, हातात इष्टलिंग देऊन, अंगभर विभूती लावून.

लाजेनं मेलो. तरी खूण पुसायचं धाडस झालं नाही. गावी पोचलो तेव्हा बोअरची गाडी आली होती आणि शेजारचे चन्नबसप्पाकाका कामाचा कागद हातात घेऊन तिच्यासमोर उभे होते.

"मशीनला पडीक दिसलं. तुला काय दिसलं रे?"

माझी मान वर होईना.

"टँकर आला की समद्यांना पाजायची तुझी अव्वा," ते म्हणाले. "आपला तांब्या झाकून ठिवायची. पोरगं येईल म्हनायची."

मी गाडी परत पाठवली. सिंधुला फोन करून खूण काढायला सांगितली.

तिनं पडद्यावर ती जागा शोधली.

"काय काढू, सर? ती जागा आत्ताच कोरडी झाली."

घर अव्वा गेल्यापासून बंद होतं. किल्ली माझ्याचकडे. कुलूप काढलं.

चुलीपाशी झाकलेला तांब्या होता. झाकणी उचलली. काठोकाठ पाणी.

ते प्यायला मला तोंड नव्हतं.

झाकणी परत ठेवताना दिसलं, तिच्यावर विभूतीची तीन बोटं उमटली होती. अजून ओली होती.