फोटोत राहून गेलेली शिट्टी

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला चेहराच नव्हता.

म्हणजे, होता. पण कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या मलमाचा जाड थर थापलेला, आणि त्यावर कापलेलं टरबूज झाकतात तसला पारदर्शक प्लास्टिकचा कागद. डोळे, नाकपुड्या आणि ओठ एवढेच काय ते मोकळे. दीक्षाने एकदा पाहिलं, पटकन नजर वळवली... आणि मग पुन्हा पाहिलं. हसू आवरणं तिला लहानपणापासून जमलं नव्हतं.

"हसा, हसा," तो माणूस ओठ फारसे न हलवता म्हणाला. "मले मात्र हसता येत नाही. कागद निघते."

"छे, मी कुठं हसले?"

"डोळे हसले ना. बाकी तर तुमीनं काही दाखवलंच नाही."

ते मात्र खरं होतं. अमरावतीत उन्हात स्कूटी चालवणाऱ्या मुली बांधतात तसा स्कार्फ दीक्षाने डोक्याभोवती आणि तोंडाभोवती घट्ट गुंडाळला होता, आणि दवाखान्यात पंख्याखाली बसूनही तो सोडला नव्हता. शाळेतल्या एखाद्या मुलाची आई इथं दिसली तर? बाहेर पाटी होती, 'त्वचारोग व लेझर'. लोक दुसरंच काहीतरी समजायचे.

"मलम कशाला लावलंय?" तिने विचारलं.

"लेझरच्या आधी कातडी बधिर करतात म्हणे. पाऊण तास असंच बसाचं. चेहऱ्यावर खड्डे आहेत माझ्या, जुन्या मुरुमांचे. वरून वीस वर्षांचं ऊन. मी जमिनी मोजतो, अकोल्याले, भूमी अभिलेखमध्ये."

"मग अकोल्यात दवाखाने नाहीत का?"

"आहेत ना! पण तिथं केलं असतं तर अख्खं ऑफिस उद्या माझे गाल मोजाले आलं असतं. गंमत पाहा... आमच्याकडे हद्दीची खूण पुसली तर गुन्हा असते. अन् मी इथं सोताच्या खुणा पुसाले आलो."

दीक्षा स्कार्फच्या आत मनापासून हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

महिनाभर तिच्या जिवाला घोर लागला होता. वलगावच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका. बारा वर्षं मैदानावर खो-खो शिकवताना उन्हाने तिच्या दोन्ही गालांवर तपकिरी वांग उमटवला होता, आणि डोळे बारीक करून करून कडांना बारीक रेघा पडल्या होत्या. पाचवीतल्या एका मुलीने भूगोलाच्या पुस्तकातून मान वर करून एकदा अगदी निरागसपणे सांगितलं होतं, "मॅडम, तुमच्या गालावर अमरावती जिल्हा आहे. हे बघा ना, इथं मेळघाट!" दीक्षा तेव्हा खो-खो हसली होती. घरी येऊन मात्र आरशासमोर बराच वेळ मेळघाट शोधत बसली होती.

धाकट्या भावंडांची शिक्षणं होता होता तिला छत्तिसावं लागलं. मग नत्थुजी मामांनी मनावर घेतलं. बायोडाट्यासाठी तिला थेट शाळेतूनच नबीभाईंच्या फोटो स्टुडिओत नेलं. नबीभाई मोठे हौशी. त्यांनी कॉम्प्युटरवर असा हात फिरवला की मेळघाट गेला, डोळ्यांकडच्या रेघा गेल्या, दीक्षाही जवळजवळ गेलीच! मामा खूश. तो फोटो अकोल्याच्या एका स्थळाला आवडला (मुलाचं नाव प्रीतम, बाकी मामांनी काही सांगितलं नव्हतं), आणि दीक्षाची झोप उडाली. फोटो खोटा होता, आणि तो पाहून एक माणूस दारात येणार होता. दारात त्याचा चेहरा पडेल तेव्हा आपण कुठं पाहायचं?... फोटो आता परत घेता येत नव्हता. मग चेहराच फोटोसारखा करायचा, असं तिने ठरवलं. महिनाभर डॉक्टरांनी दिलेली क्रीम लावली. आज पहिलं पील होतं. कार्यक्रम दिवाळीनंतर, म्हणजे वेळ भरपूर.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. नत्थुजी मामा.

"दीक्षा, पाहुणे दिवाळीनंतर नाही, येत्या रविवारीच येऊन राहिले! तयारीले लाग."

आज मंगळवार. ती काही बोलणार, इतक्यात शेजाऱ्याचाही फोन वाजला. गालावर प्लास्टिक, कानाला फोन लावायचा कसा? त्याने स्पीकर चालू केला, आणि एका बाईचा खणखणीत आवाज अख्ख्या दवाखान्यात घुमला.

"प्रीतम, रविवारी कुठं जाऊ नको! वलगावले पोरगी पाहाले जाणं हाय!"

प्रीतम... वलगाव! दीक्षाने झटकन त्याच्याकडे मान वळवली.

"ताई, अवं... इतक्या घाईनं काहून?" तो कळवळून म्हणाला. पण ताईने फोन ठेवूनही दिला होता. मग तो दीक्षाकडे वळला. पांढऱ्या थरातून दोन घाबरे डोळे दिसत होते. "आता सांगा. लेझर केलं तर आठ दिवस तोंड लाल राहते, खपल्या येतात. नाही केलं तर खड्डे आहेतच. अन् भाच्यानं मोबाईलवर माझा असा फोटो करून धाडला की मीच मले नमस्कार केला असता!"

"आणि... मुलगी?" तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"ही पाहा ना."

त्याने फोन पुढे केला. पडद्यावर दीक्षा होती. गुळगुळीत, डाग नाही, रेघ नाही. तिने स्वतःच्याच फोटोकडे असं पाहिलं, जसं लग्नात दूरच्या नातेवाइकाकडे पाहतात.

"छान आहे," ती कशीबशी म्हणाली.

"छान आहे म्हणूनच तर भीती वाटून राहिली. पण खरं सांगू? मले चेहऱ्याचं काही नाही. हे पाहा..." त्याने बोटांनी फोटो मोठा केला. गळ्याशी, ओढणीच्या कडेला, एक निळी दोरी आणि तिच्या टोकाला शिट्टी. नबीभाईंनी सगळं पुसलं, शिट्टी तेवढी राहून गेली होती. "बायोडाट्याच्या फोटोत शिट्टी घालून कोन बसते, सांगा! चाळीस फोटो पाहिले म्या. सगळ्या जणी फोटोसाठी बसल्या होत्या. ही एकटी कामावरून उठून आली होती. मी म्हटलं, ताई, हिलेच पाहाचं."

दीक्षाने स्कार्फची कड उगाच वर ओढली. आत गाल तापले होते, आणि ते काही उन्हाने नव्हते.

"मग लेझर करू का राहू देऊ?" त्याने विचारलं. "तुमी बाईमाणूस आहात, तुमाले समजन."

"राहू द्या," ती हळूच म्हणाली.

"काहून?"

"तिलाही भीती वाटत असेल... फोटोची."

"तुमाले कसं ठाऊक?"

तिचा हात स्कार्फच्या गाठीवर गेला. काय सांगणार? आता सांगितलं तर आता... इथंच... स्कार्फ सोडावा लागणार होता.

"आठ नंबर!" आतून हाक आली. आठ नंबर तिचाच होता; शेजारचा सात नंबर अजून मलम मुरायची वाट पाहत होता. ती इतक्या झटक्याने उठली की खुर्ची मागे सरकली.

डॉ. उज्मा यांनी तिला स्कार्फ सोडायला लावला आणि सगळं ऐकून घेतलं. मग पीलची बाटली शांतपणे कपाटात परत ठेवली.

"पील म्हणजे वरची झिजलेली कातडी औषधाने सोलून काढायची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चेहऱ्याचे पापुद्रे निघतात, जुन्या भिंतीच्या रंगासारखे. रविवारी पाहुणे, आणि आज पील? मी हात लावणार नाही."

"मग लेझर? लवकर होईल ना?"

"आपल्या रंगाच्या कातडीला घाई चालत नाही, दीक्षा मॅडम. डाग जायच्या ऐवजी आणखी काळे पडतात. उन्हाने बारा वर्षं घेतली, मला निदान सहा महिने तरी द्याल ना? डाग फिके होतील. पण मेळघाट नकाशावरून पुसून टाकेन, असं मी सांगणार नाही." डॉक्टर हसल्या. "रविवारी फक्त तोंड धुऊन बसा."

आपल्याला ठरवता येत नसलेली गोष्ट दुसऱ्याने ठरवून टाकली की किती हलकं वाटतं! दीक्षा बाहेर आली तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती. लेझरच्या खोलीचं दार बंद. तो आत गेला की घरी, ते दार काही सांगत नव्हतं.

रविवारी सकाळी आई, पंचफुलाबाई, पावडरचा डबा घेऊन मागे लागल्या. "थोडी तरी लाव वं. फोटोत कशी दिसत होतीस!"

"म्हणूनच नाही लावत, आई."

तिने आकाशी साडी नेसली. मग खुंटीवरची शिट्टी काढून गळ्यात घातली. आईने कपाळावर हात मारून घेतला.

पाहुणे आले. जय भीम झाला, पाणी झालं. दीक्षा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिने सरळ मान वर करून पाहिलं.

गालांवर खड्डे होते. मान उन्हाने काळी पडलेली. टोपी बसते तेवढा कपाळाचा पट्टा मात्र गोरा. लाली नाही, खपल्या नाहीत. त्याने लेझर केलं नव्हतं! तिच्या छातीतला श्वास मोकळा झाला... आणि लगेच पुन्हा अडकला. कारण आता तो तिच्याकडे पाहत होता. आधी गालांकडे. मग शिट्टीकडे. तिथंच त्याची नजर थांबली, आणि त्याच्या ओठांचा एक कोपरा हळूच वर गेला.

त्याची मोठी बहीण, आरतीताई, एकदा मोबाईलकडे आणि एकदा दीक्षाकडे पाहत होती. "फोटोत तर... जरा वेगळीच..."

नत्थुजी मामांना खोकला आला.

"ताई," प्रीतम शांतपणे म्हणाला, "नकाशा कितीबी साफ असला तरी मोजणी जाग्यावर जाऊनच होते. मले जागा पसंत आहे. आता त्यायले इचार, त्यायले आमची पसंत आहे का."

मामांचा खोकला बरा झाला. "जा बापा, तुमी दोघं अंगणात बोलून घ्या!"

अंगणात सिमेंटचा बाक होता. दोघं दोन टोकांना बसले.

"एक खरं सांगाचं होतं," तो खाली पाहत म्हणाला. "माझा फोटो बी साफ केलेला होता. अन् मंगळवारी मी अमरावतीले चेहरा नीट करायले गेलतो..."

"माहीत आहे," दीक्षा म्हणाली. "सात नंबर... प्लास्टिक कधी काढलं मग?"

त्याने मान वर केली. तिने पदराची कड नाकावर ओढली. फक्त डोळे उरले, हसणारे.

"आठ... आठ नंबर?" त्याने आ वासला. "म्हणजे म्या तुमचाच फोटो... तुमालेच..."

"हो. मोठा करून दाखवला. शिट्टीसकट."

तो दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागला, आणि मग तीही. महिन्याभराचं ओझं त्या हसण्यात कधी उतरून गेलं, तिला कळलंही नाही.

"तुमी राहू द्या म्हटलं, म्हणून मी तसाच उठून घरी गेलो," तो म्हणाला. "रस्त्याभर मलम पुसत."

"पण मी दिवाळीनंतर पील करणार आहे हं," ती म्हणाली. "माझ्यासाठी. मेळघाट थोडा फिका करायचा आहे."

"करा ना. मी बी येतो, सात-आठ नंबर सोबतच घेऊ. फक्त... पुरा नका पुसू. मले खुणेशिवाय चालत नाही." मग तो जरा घुटमळला. "पण तुमचं उत्तर राहिलंच..."

ती शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "तोंडाने नाही सांगता येत मला. आमच्या शाळेत दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे थांबा. एक लांब म्हणजे धावा."

"मग वाजवा."

"आत सगळे ऐकतील!"

"ऐकू द्या."

दीक्षाने डोळे मिटले, शिट्टी ओठांना लावली, आणि छाती भरून एक लांब... खूप लांब शिट्टी वाजवली.

आत नत्थुजी मामांचा चहा बशीत सांडला. आणि बाहेर गल्लीत गप्पा मारत उभ्या असलेल्या तिच्या खो-खोच्या चार मुली, काही न कळता, निव्वळ सवयीने धावत सुटल्या.