मनगटाखालचा हात

दुपारी चार वाजता रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर स्ट्रेचरवरून एक पेशंट खाली पडला.

बाकावर बसलेल्या नातेवाइकांनी एकच गलका केला. स्ट्रेचर ढकलणारी डॉक्टर दैवशाला मात्र पेशंटकडे न बघता अडकलेल्या चाकाला लाथ मारत होती. समोरून येणाऱ्या उंच डॉक्टरनं पेशंटला बगलेत धरून उचललं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "नाडी लागत न्हाई. नातेवाइकांना काय सांगायचं, मॅडम?"

"रबरी आहे म्हणून सांगा."

बाकावरची मंडळी हसली. मग तोही हसला. तो पारस, सर्जरी शिकणारा, तिच्याहून एक वर्ष पुढचा, जालन्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. ती आष्टीची. सरावाची खोली त्या महिन्यात तिच्याकडे होती आणि रबरी पेशंट तिकडंच चालला होता.

"मंग मी संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "पेशंटची तब्येत बघायला."

तो आला. रोज येऊ लागला.

खऱ्या पोटात दुर्बीण घालण्याआधी या खोलीत हात बसवायचा, असा विभागाचा दंडक होता. टेबलावर एक पेटी. पेटीला भोकं, भोकांतून आत जाणारे लांब चिमटे, आत कॅमेरा. बघायचं ते समोरच्या पडद्यावर. हात डावीकडं नेला की चिमट्याचं टोक उजवीकडं जातं. "इथली चूक इथंच राहील," विभागप्रमुख सोमेश्वर सर पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगत. "बाहेर कोणी बोलायचं नाही. म्हणजे चुकायची भीती जाते."

पेटीत मोसंबीची फोड ठेवायची. तिच्यावरचं पातळ साल चिमट्यांनी सोलायचं, रसाचा थेंब न सांडता. यकृताला चिकटलेलं पित्ताशय सुटं करताना हात असाच चालावा लागतो. मोसंबी दैवशाला वडीगोद्रीच्या मावशीच्या बागेतून आणायची.

"सांडला रस. गेला तुमचा पेशंट," ती म्हणाली.

"मोसंबीच खराब होती."

"पेशंटलाच नावं ठेवा... खा आता ती."

"आधी तू. विष असलं तर?"

"असलं तर दोघं बी जाऊ, सर."

"सर म्हणू नको ना..."

"मंग काय म्हणू?"

त्यानं फोडीचा अर्धा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. बोटं जरा जास्त वेळ तिथंच राहिली — आणि तिला ती थरथरताना जाणवली. तिनं त्याचा सोयीचा अर्थ घेतला.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर चिमट्याचं टोक थरथरताना दिसलं. अगदी बारीक. पण पडदा सगळंच मोठं करून दाखवतो.

"चहा जास्त झाला," पारस म्हणाला.

पुढचे दिवस त्यानं चहा सोडला. टोक थरथरतच राहिलं.

"बाबूजींचा बी हात असाच," तो शेवटी म्हणाला. "दुकानात साखर तोलताना जरा जास्तच पडते. म्हणून तर गिऱ्हाईक तुटत न्हाई आमचं."

ती हसली. हसता हसताच तिनं एका हातानं कॅमेरा सांभाळला आणि दुसरा त्याच्या उजव्या मनगटाखाली ठेवला. टोक स्थिर झालं. फोड अख्खी सुटली, कोरडी. दोघं पडद्याकडेच बघत राहिले... एकमेकांकडं बघायची हिंमत नव्हती.

त्यानंतर तो हात रोज तिथं असायचा. पेटीवरच्या चाचणीच्या दिवशीही होता. सोमेश्वर सर पडद्यासमोर उभे होते, आणि पडदा असला की हातांकडं कोणी बघत नाही.

"सुंदर," सर म्हणाले. "गुरुवारी मंठ्याच्या बेबीनंदाबाईंचं पित्ताशय तू काढायचं. मी शेजारी उभा राहीन. कॅमेरा दैवशालाकडे."

बुधवारी संध्याकाळी दोघं वॉर्डात गेले तेव्हा बेबीनंदाबाई पारसला म्हणाल्या, "तुम्हीच का ते? हात हलका ठेवा बरं, बाबा. घरी सून बाळंतीण हाय. मला जल्दी जायचंय."

"बिलकुल, मावशी," पारस म्हणाला.

जिन्यात दैवशाला थांबली. "उद्या माझा हात न्हाई पोचणार, पारस."

"तू असशील ना कॅमेऱ्यावर?"

"मी बेंबीपाशी. तुमचा उजवा हात वर, बरगडीपाशी. पेटीत पोचत होता... पोटात न्हाई पोचत."

तो कठड्याला टेकला. "सर असतील की शेजारी."

"सरांना माहीत असलं तर. सांगा त्यांना. आजच."

"सांगितलं तर माझं उरतं काय? लहानपणापासून दुसरं काही मागितलं न्हाई मी." मग हळूच म्हणाला, "आता तुला मागणार होतो. ऑपरेशन झालं की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी हो म्हणणार होते."

"मंग गप्प राहा ना... इथली चूक इथंच ठेवायची असते."

"ही चूक न्हाई. चूक सरावानं जाते."

"तूच हात दिला होता," एवढं बोलून तो खाली उतरून गेला.

सकाळच्या राउंडपर्यंत तिनं वाट पाहिली. तो सरांकडं गेला नाही. मग तीच गेली. त्याचं सांगितलं, स्वतःचंही सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे मी पास केला तो तुझा हात?"

"हो, सर."

बेबीनंदाबाईंचं ऑपरेशन सरांनी स्वतः केलं. त्या बऱ्या होऊन मंठ्याला गेल्या. दैवशालाला कॅमेऱ्यावरून काढलं; तिनं पेटीवरचा सराव पुन्हा पहिल्यापासून करायचा, असं ठरलं. पारसला सरांनी मेंदूविकार तज्ज्ञाकडं संभाजीनगरला पाठवलं. गोळ्यांनी थरथर कमी होईल. सर्जरीपुरती होईल का, हे तज्ज्ञांनी सांगितलेलं नाही.

रविवारी ती त्याच्या दुकानावरून गेली. बाबूजी गल्ल्यावर होते. काट्यापाशी पारस साखर ओतत होता. उजव्या हातात माप होतं, आणि त्या मनगटाखाली त्यानं स्वतःचा डावा हात धरला होता.

त्यानं वर पाहिलं. ओळखही दाखवली नाही, मानही वळवली नाही. मापातली साखर काट्यावर पडत राहिली, मग काट्याबाहेर.

विभागात त्याची जागा अजून कोणाला दिलेली नाही. दैवशालाचा फोन तो उचलत नाही; तिचा नंबर त्यानं ब्लॉकही केलेला नाही.